रोज दुपारी एक वाजता

गुरुजींनी मला चौथीत शिकवलं. पुढं मी नगरला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले, तोवर ते निवृत्त होऊन गावातल्या चर्चच्या मागच्या खोलीत बसायला लागले होते. आमचं गाव घोडेगावच्या पुढं, हमरस्ता सोडून आत. जिल्ह्याच्या नावाची पाटी बदलली तरी गावात अजून सगळे 'नगरला जाऊन येतो' असंच म्हणतात.

त्या खोलीत एक लाकडी कपाट होतं आणि कपाटात मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, जुनी रजिस्टरं. बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं. आजूबाजूच्या दहा-बारा गावांमधल्या ख्रिस्ती घरांची नोंद त्यात होती, आमच्या पणजोबांच्याही आधीपासूनची. शाळेचा दाखला हरवलेला माणूस जन्मतारखेसाठी तिथं यायचा. कोणाला पेन्शनसाठी, कोणाला वारसासाठी आईबापांच्या लग्नाची नोंद हवी असायची. प्रत्येक वेळी रजिस्टर उघडलं की त्याचा थोडा भुगा टेबलावर राहायचा. निम्मा कागद शाईनं खाल्ला होता, उरलेला वाळवीनं.

एका नाताळात मी गावी गेले असताना गुरुजी घरी आले. टेकले आणि लगेच विषयाला आले. म्हणाले, "हे सगळं उतरवून काढायला पाहिजे. हातानं लिहिलं तर परत कागदच. तू मला कॉम्प्युटरवर बसव."

त्यांची सत्तरी जवळ आली होती. कीबोर्डला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. पण त्यांनी ठरवलं की ते होतं, हे मला चौथीपासून माहीत होतं. आमच्या लॅबमधून काही जुनी मशीन निघत होती, त्यातलं एक मी परवानगीनं घेतलं. ते इतकं संथ होतं की त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टिमच टाकणं शहाणपणाचं होतं. वेग यावा म्हणून सिस्टिमसाठी एक छोटी नवी डिस्क लावली आणि गुरुजींचं काम ठेवायला जुनी मोठी डिस्क तशीच राहू दिली. शिवाय बाहेरून जोडायची एक डिस्क आणली, बॅकपसाठी.

आता जे सांगायचं आहे ते याच बॅकपबद्दल.

लिनक्समध्ये क्रॉन नावाचा एक कार्यक्रम सतत चालू असतो. दर मिनिटाला तो आपली यादी बघतो आणि ज्या कामाची वेळ झाली असेल ते करतो. यादीच्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथं अट नाही तिथं चांदणी टाकायची. त्यांच्यापुढं काय करायचं तो हुकूम. लॅबमध्ये मी हे मुलांना दर वर्षी शिकवायची. फळ्यावर पाच चौकोन काढायची आणि सांगायची, एकदा लिहून ठेवा आणि विसरून जा.

बॅकपची कामं लोक बहुधा रात्री लावतात, कारण तेव्हा मशीन रिकामं असतं. इथं रात्री मशीन बंदच असणार होतं. गुरुजी सकाळी नऊला यायचे, चारला जायचे. एक वाजता ते त्याच खोलीत डबा खायचे, म्हणजे तेवढा वेळ मशीन चालू आणि मोकळं. मी लिहिलं: शून्य, तेरा आणि तीन चांदण्या. रोज दुपारी एक वाजता गुरुजींचं सगळं काम एका फाइलीत बांधायचं, फाइलीला त्या दिवसाची तारीख द्यायची आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवायची.

आधी तो हुकूम मी हातानं चालवून पाहिला. बाहेरच्या डिस्कवर तारखेसकट फाइल तयार झाली. मग तीच ओळ जशीच्या तशी उचलून क्रॉनच्या यादीत टाकली. एक वाजेपर्यंत थांबले असते तर तिथंच सगळं कळलं असतं. पण मला साडेबाराची एसटी गाठायची होती. गुरुजी मला फाट्यापर्यंत सोडायला आले.

त्यांनी मला विचारलं होतं की त्या वेळी आपण काही करायचं का. मी म्हणाले, काहीच नाही, ते आपोआप होतं. फक्त तेवढ्या वेळात टाइप करत नसाल तर बरं. हे मी सहज बोलले होते. गुरुजींनी ते नियम म्हणून घेतलं. एकला पाच मिनिटं कमी असताना ते कीबोर्डवरचे हात काढायचे, हात धुवून यायचे, डब्यासमोर डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि सव्वा वाजेपर्यंत मशीनकडं फिरकायचे नाहीत. बाहेरच्या डिस्कवर एक निळा दिवा होता. मी गेले की ते मला दाखवायचे, हा बघ, लुकलुकतोय. तो दिवा डिस्क जोडलेली असली की लुकलुकतोच. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण मलाही तो बघून बरं वाटायचं.

असं चार वर्षांहून जास्त चाललं. सुरुवातीला एका बोटानं, दिवसाला सहा-सात नोंदी. पुढं दोन बोटांनी. जुनं अक्षर लावायला ते भिंग घ्यायचे, आणि एखादं गावाचं नाव लागलं नाही तर सायकलवर त्या गावाला जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारून यायचे. दफनाच्या रजिस्टरात कबरस्तानातली ओळ आणि जागा लिहिलेली असायची. तीही त्यांनी उतरवली. दुष्काळाच्या वर्षांत एकेका पानावर नुसती लेकरंच असायची. वय तीन दिवस, नाव ठेवले नाही. वय अकरा महिने. एकदा मी विचारलं, ज्याला नावच नाही त्याची नोंद कशाला, कोण मागायला येणार? ते म्हणाले, "लिहिणाऱ्यानं लिहिलंय ना. मग मी गाळणारा कोण?"

पान उलटताना तुटायचं. एकदा वाचलं की बऱ्याचदा ते पुन्हा वाचण्यासारखं राहायचं नाही. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं. मी लॅबमधून स्कॅनर आणते म्हणाले, पण काचेवर पालथं घालायला गेलं की पुठ्ठ्यातून सगळंच सुटून येत होतं. मोबाईलवर काही पानांचे फोटो काढले, त्यात काळ्यावर काळं आलं. गुरुजी म्हणाले राहू दे, मी वाचतोय तोवर वाचतो. शेवटचं रजिस्टर संपलं तेव्हा कपाटात उरलेला चुरा जाळायला कोणी तयार होईना, कारण प्रत्येक रजिस्टराच्या पहिल्या पानावर बायबलमधलं वचन लिहिलेलं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी तो एका बारदानात भरायला लावला आणि प्रार्थना करून कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरला. त्याच सुमारास गुरुजींचा काचबिंदू इतका वाढला होता की भिंगानंही अक्षर दिसेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं की जे गेलं ते परत येणार नाही, आहे तेवढं सांभाळा. ते मात्र खुशीत होते. म्हणायचे, काम आधी संपलं, डोळे नंतर.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पाळकसाहेबांचा फोन आला. कोणाला तरी नोंद काढून द्यायला मशीन लावलं तर फाइली दिसत नाहीत आणि आतून टक टक आवाज येतोय. मी दुसऱ्या शनिवारी गेले. आवाज ऐकूनच कळलं की जुनी डिस्क गेली. मला जराही भीती वाटली नाही. गुरुजी बाहेर पायरीवर बसले होते, त्यांना मी म्हणाले, काळजी करू नका, बॅकप आहे. आणि बाहेरची डिस्क उघडली.

त्यात एकच फाइल होती, पहिल्या दिवसाची, मी हातानं चालवून बनवलेली. उघडली तर आत गुरुजींनी शिकताना टाइप केलेल्या अकरा नोंदी होत्या.

वाटलं की बाकीच्या फाइली दुसरीकडं गेल्या असतील. सगळीकडं शोधलं. सिस्टिमची छोटी डिस्क शाबूत होती, म्हणून काय झालं ते बघायला काळी खिडकी उघडली, जिथं हुकूम टाइप करतात ती. तिथं नेहमीसारखी एक ओळ आली: यू हॅव न्यू मेल. ही ओळ मी याआधीही पाहिली होती. अधूनमधून मशीनची देखभाल करायला यायची, खिडकी उघडायची आणि ती ओळ यायची. असतात सिस्टिमचे निरोप, म्हणून सोडून द्यायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते टपाल उघडलं.

बाराशेच्या वर पत्रं होती. सगळी क्रॉननं पाठवलेली, सगळी दुपारी एकची, आणि सगळ्यांत तोच मजकूर: तुम्ही दिलेली ओळ अर्धवट आहे, काम झालं नाही.

क्रॉनच्या यादीत टक्क्याच्या खुणेला वेगळा अर्थ असतो. ती आली की हुकूम तिथं संपला असं तो धरतो. फाइलीला तारीख देण्यासाठी मी टक्क्याची खूण वापरली होती. हातानं चालवताना ती चालते. यादीत लिहिताना तिच्याआधी एक तिरपी रेघ द्यावी लागते, ती मी दिली नव्हती. मॅन्युअलमध्ये हे एका वाक्यात दिलेलं आहे. मुलांच्या नोट्समध्ये ते वाक्य मी कधी घेतलं नाही, कारण परीक्षेत ते येत नाही.

ती पत्रं मी एकेक करून वाचली. सगळी सारखी असताना का वाचली ते मला सांगता येणार नाही. तारखा बघत गेले. रविवार नव्हते. मध्ये एका ठिकाणी नऊ दिवसांचा खंड होता, तेव्हा काकू, गुरुजींच्या पत्नी, गेल्या होत्या. दहाव्या दिवशी दुपारी एकचं पत्र होतं. म्हणजे बायकोला माती देऊन दहाव्या दिवशी ते इथं येऊन बसले होते, आणि एक वाजता त्यांनी हात काढून घेतले होते.

बाहेर जाऊन मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. काय झालं ते सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. टक्क्याची खूण त्यांना कशी समजावी म्हणून मी जमिनीवर बोटानं काढायला गेले आणि मग आठवलं की त्यांना ती दिसणार नाही.

ते म्हणाले, "म्हणजे एक वाजता काहीच होत नव्हतं?"

"व्हायचं, गुरुजी. पण चुकायचं. रोज."

"मी थांबायचो," ते म्हणाले. "सव्वा वाजेपर्यंत."

मग त्यांनी विचारलं की मी जेवले का. नाही म्हटल्यावर त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला पुढं किती तरी दिवस वाटायचं. शाळेत ते पाढा चुकला तरी ओरडायचे.

डिस्क घेऊन मी पुण्याला गेले. तिथल्या माणसानं ती उघडून मला फोटो पाठवला. आतल्या चकतीवर गोल चरे पडले होते, जात्याच्या दगडावर पडावेत तसे. त्यानं सांगितलं की बिघाड झाल्यावरही ती पुन्हा पुन्हा चालू केली गेली, त्यात उरलंसुरलं गेलं. पाळकसाहेबांनी दोन-तीनदा लावून पाहिली होती आणि मग मी. आणखी एका ठिकाणी दाखवली. तिथंही हेच उत्तर मिळालं.

मग गुरुजींनीच सुचवलं की आठवेल तेवढं ते सांगतील आणि मी माझ्या लॅपटॉपवर टाइप करावं. दर रविवारी उपासना झाली की आम्ही त्या खोलीत बसायला लागलो. सुरुवातीला मला आशा वाटली. त्यांना खूप काही आठवत होतं. अमक्या गावची अमकी, बाप्तिस्मा अमक्या पाळकांच्या हातून, बापाचा धंदा सुतारकाम. पण तेच नाव दुसऱ्या रविवारी दुसऱ्या बापाबरोबर यायचं. मी मागचं वाचून दाखवलं की गोंधळायचे, कपाळ चोळायचे, म्हणायचे, थांब, ते खोड. पुढं पुढं मी मागचं वाचून दाखवणं बंद केलं.

एका रविवारी ते सलग बोलत गेले. एकापाठोपाठ एक, कुठंही न अडखळता, मुलांची नावं. त्यांचा आवाजही वेगळा झाला होता, ताठ आणि एका लयीत. मी भराभर टाइप करत होते आणि मनात म्हणत होते की चला, एक पान तरी पूर्ण मिळालं. सतराव्या नावाला माझं नाव आलं. ते आमच्या चौथीच्या वर्गाचं हजेरीपत्रक होतं. मी त्यांना थांबवलं नाही. शेवटच्या नावापर्यंत टाइप केलं आणि त्यांनी विचारल्यावर सांगितलं, हो, घेतलं सगळं.

त्या वर्षी गावाजवळचा रस्ता रुंद होणार होता. कबरस्तानाच्या पुढच्या दोन ओळी त्यात जात होत्या. दगड असलेल्या कबरींची माणसं येऊन सांगून गेली, त्यांची हाडं मागं हलवायची सोय झाली. पण पुढच्या भागात निम्म्या जागांवर दगडच नव्हते. कोण कुठं आहे ते रजिस्टरात होतं.

एका रविवारी एक बाई आली. साठीच्या आसपासची, शेवगावकडच्या वस्तीवरची. तिची अर्धी हयात ऊस तोडण्यात गेली होती, आता पाय साथ देत नाहीत म्हणून घरी असते असं तिनं सांगितलं. रस्त्याचं तिच्या कानावर आलं होतं. ती गुरुजींसमोर जमिनीवरच बसली, खुर्ची दिली तरी घेतली नाही.

"लेकरू कारखान्यावर झालं," ती म्हणाली. "पाचटाच्या कोपीतच. चार दिस हुतं. ह्यांनी हितं आणून पुरलं. मी बाळंतीन, मला कोन आननार? जागा ह्यांनाच ठाव हुती आन् ते बी गेलं. मी कदी बगितलीच न्हाई ती. तुमच्या वहीत आसंल म्हनून आले."

मुलगा की मुलगी, वर्ष कोणतं, असं मी विचारलं. ती म्हणाली मुलगी. वर्ष तिला सांगता येईना, पाऊस कमी झालेलं वर्ष म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं की वही राहिलेली नाही, ती माझ्यामुळं गेली. त्याआधी गुरुजी बोलले.

"मागून तिसरी ओळ," ते म्हणाले. "भिंतीकडून पाचवी जागा."

इतक्या खात्रीनं म्हणाले की मीही क्षणभर विश्वास ठेवला. आम्ही तिघं गेलो. मी गुरुजींचा हात धरला होता. मागून तिसरी ओळ मोजली, भिंतीकडून पाच जागा मोजल्या. तिथं गवत होतं आणि जमीन थोडी खचलेली होती. बाई खाली बसली. तिनं गवत उपटायला सुरुवात केली, सावकाश, निंदणी करावी तसं. बरंच झाल्यावर हात जमिनीवर ठेवला आणि तसाच ठेवून बसली. रडली नाही. मला म्हणाली, लई बारीक हुती, एवढी जागा कशाला दिली आसंल.

ती गेल्यावर परत येताना मी गुरुजींना विचारलं, "नक्की आठवलं होतं का?"

ते चालत राहिले. फाटकाजवळ आल्यावर म्हणाले, "मागच्या ओळी रस्त्यात जात नाहीत. मला तेवढंच माहीत होतं."

पुढच्या महिन्यात पुढच्या दोन ओळींवरून खोदकामाचं मशीन फिरलं. दगड नसलेल्या जागी जे निघालं ते एकत्र करून एका खड्ड्यात ठेवलं आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी गेले होते. त्यात काही फार लहान होतं. ते कोणाचं हे सांगणारं आता जगात काही नाही.

गुरुजींनी त्यानंतर नोंदी सांगणं बंद केलं. मी रविवारी गेले तर ते घरीच होते, खाटेवर पडून. चला म्हटलं तर म्हणाले, "मी खरं सांगतोय की मला वाटतंय तसं, हे मलाच कळेना झालंय. तू लिहून ठेवलंस तर पुढचा माणूस खरं धरील." त्यांच्या सांगण्यावरून झालेल्या तीनशे-साडेतीनशे नोंदी मी तिथंच खाटेशेजारी बसून त्यांच्यासमोर पुसल्या. पुसल्या का, असं त्यांनी दोनदा विचारलं. खरंच पुसल्या होत्या.

मी अजून लॅबमध्ये आहे. क्रॉन शिकवते. टक्क्याचं पहिल्याच दिवशी सांगते, लावलेलं काम पहिल्या वेळी समोर बसून बघा म्हणते, टपाल उघडा म्हणते. मुलं लिहून घेतात. त्यानं काहीच परत येत नाही.

चर्चमध्ये दाखल्यासाठी माणसं अजून येतात. प्रत्येकाला तेच पत्र पुन्हा पुन्हा लिहायचा पाळकसाहेबांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी मला एक नमुना करून मागितला. मी करून दिला. नाव, गाव आणि वर्ष यांच्यासाठी तीन रिकाम्या जागा सोडल्या आहेत आणि खाली एकच वाक्य आहे: सदर व्यक्तीची नोंद मंडळीच्या दप्तरी उपलब्ध नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा त्याच्या छापील प्रती संपत आल्या होत्या. पाळकसाहेबांनी आणखी शंभर काढून आणायला सांगितल्या.